साडेचौऱ्याहत्तर टक्क्यांचा लॉट

घरातून बाहेर पडताना मी गॅसचं बटण तीनदा बघते. कुलूप लावलं की ओढून बघते, जिना उतरते आणि पुन्हा वर जाऊन ओढते. आमचे हे म्हणतात, "तुझ्याशी लग्न झालं नसतं तर कुलपं इतकी मजबूत असतात हे मला कळलंच नसतं." या स्वभावाचा घरादाराला ताप झाला, पण नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीनं मला याच स्वभावापायी वर्षानुवर्षं नोकरीत ठेवलं. मी तिथला संगणक विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे मी, एक खोली, एक सर्व्हर आणि एक कूलर. कूलर सर्व्हरसाठी होता.

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात की नोकरीतल्या काही गमती सांगा. गमती होत्याच. एका गृहस्थांनी प्रिंटर चालत नाही म्हणून त्याला अगरबत्ती लावली होती आणि तो चाललासुद्धा. पण लिहायला बसलं की मला एकच फेब्रुवारी आठवतो. तोच सांगून टाकते.

त्याआधी आमचं काम काय असतं ते सांगायला हवं. संगणक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चित्रं आणि माऊस येतो. माझं काम काळ्या पडद्यावर, पांढऱ्या अक्षरांत चालायचं. एक शब्द टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. तो शब्द म्हणजे एक छोटं अवजार. एक अवजार तक्त्यातल्या ओळी मोजतं, दुसरं सरासरी काढतं, तिसरं कागद छापायला पाठवतं. जगभरातली माणसं अशी अवजारं लिहून फुकट ठेवतात. प्रश्न एवढाच असतो की ती आपल्या मशीनवर आणायची कोणत्या वाटेनं.

वाटा दोन. पहिली मशीनच्या स्वतःच्या भांडाराची. मशीन चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिची मंडळी प्रत्येक अवजार तपासतात, एकमेकांशी जुळवून बघतात आणि मगच भांडारात ठेवतात. एक कमांड दिली की अवजार येतं, त्याला लागणारं बाकीचं सामानही येतं, आणि काय आलं त्याची नोंद मशीन स्वतः ठेवतं. काढायचं म्हटलं तर स्वच्छ निघतं. खोट एकच, माल जुना असतो. तपासण्यात वेळ जातो ना!

दुसरी वाट भाषेची. ही अवजारं वेगवेगळ्या संगणकी भाषांत लिहिलेली असतात आणि बहुतेक भाषांचा स्वतःचा इन्स्टॉलर असतो. तो लिहिणाऱ्याकडून ताजा माल थेट आणून देतो. काल सुधारलेलं अवजार आज तुमच्या मशीनवर. पण त्या मालाची मशीनच्या भांडाराला खबर नसते. एकाच नावाची दोन अवजारं दोन ठिकाणी सुखानं नांदतात, आणि नाव पुकारल्यावर कोणतं धावत येईल हे कुठून पुकारलं त्यावर ठरतं.

आमचे उत्पादनप्रमुख ललितभाऊ. राजस्थानातून आलेलं त्यांचं घराणं, जालन्यात चार पिढ्या झाल्या. त्यांना मी हे एकदा समजावून सांगितलं तर दोन मिनिटांत म्हणाले, "म्हणजे एक टॅग लावलेली बॅग आणि एक कोणाच्या शेतातून डायरेक्ट आणलेलं बी. दुसरं खराबच असतं असं बिलकुल न्हाई मॅडम. पण उगवलं न्हाई तर जाऊन धरायचं कोणाला?" मी इतकी वर्षं घोकत होते ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

मी पहिल्या वाटेची माणूस. त्याला कारणही घडलं होतं. एकदा पुण्याहून एक सल्लागार आले. त्यांना कुठल्याशा अवजाराचं ताजं रूप हवं होतं. मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यांनी सर्वाधिकार घेऊन भाषेच्या वाटेनं ते ओतलं, आणि सोबत आलेल्या सामानानं मशीनच्या मूळ सामानावरच पाय दिला. आमच्या मशीनचं भांडार चालवणारा प्रोग्रॅम त्याच भाषेत लिहिलेला होता. तोच बंद पडला. म्हणजे दुरुस्तीचं अवजार आणायला ज्याला पाठवायचं, तोच अंथरुणाला खिळला. सल्लागार "बघून कळवतो" म्हणाले आणि गाडीत बसले. सर्व्हर उभा करायला मला तीन दिवस लागले. त्यानंतर मी एक वही केली. कोणतं अवजार, कोणत्या वाटेनं, कशासाठी, हे त्यात लिहायचं. लिहिल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. ऑफिसात या वहीची टिंगल व्हायची आणि मला तिचा अभिमान होता.

आता लॅबकडे येते. लॅब कडुबा मामांची. मामा म्हणजे नात्यानं कोणी नव्हेत, सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. बियाण्याचा प्रत्येक लॉट विक्रीला जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचा. कपाशीच्या लॉटमधून चारशे बिया मोजून घ्यायच्या, शंभराचे चार गट करायचे, ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवायच्या. बाराव्या दिवशी गुंडाळ्या सोडून निकोप रोपं मोजायची. चार आकड्यांची सरासरी म्हणजे त्या लॉटची उगवण. संकरित कपाशीला पंच्याहत्तर टक्के लागतात. सरासरीत अर्धा आला तर वरचा पूर्ण आकडा धरायचा, असा बियाण्याचा नियम आहे. पंच्याहत्तर म्हणजे पास, चौऱ्याहत्तर म्हणजे नापास. नापास लॉटच्या गोणी गुरुवारी तेलगिरणीच्या गाडीत चढायच्या. त्या बियाचं तेल निघालं की वाद मिटला.

हे बी शेतकरीच आपल्या शेतात कंपनीसाठी करून देतात. सहा महिने घरातल्या बाया फुलाफुलाला हात लावून परागीकरण करतात, मग कोरडी वेचणी, वाळवणी. लॉट नापास झाला की पुढच्या हंगामात प्लॉट, म्हणजे बी करून द्यायचं काम, मिळत नाही. गावातही बोलणं होतं, कारण उगवण गेली म्हणजे कोणीतरी दहिवरातला ओला कापूस वेचला असं समजतात.

मामा आकडे मशीनमध्ये भरायचे. त्यांची सरासरी काढून निकालाचा कागद करणारं एक अवजार होतं. त्याचं मूळ नाव जिभेवर बसेना म्हणून आम्ही त्याला 'पाटी' म्हणायचो. पाटी भांडारातून आलेली, जुनी, विश्वासू. तिची एकच अडचण होती, तिला मराठी अक्षरं छापता यायची नाहीत. लॉट नंबर नीट यायचा, टक्के नीट यायचे, आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. एक दिवस मामा असा कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "मॅडम, दहा-दहा वर्षं झाली या लोकायला आपलं बी करू राह्यले, न् आपल्याला त्यायचं नावबी ठाव न्हाई असं दिसून राह्यलं."

ते मला लागलं. माझे वडील शिक्षक होते. हजेरीत मुलाचं नाव चुकीचं लिहिलं की ते पानच नव्यानं लिहायचे. नवीन पाटी मराठी छापते हे मला माहीत होतं, पण ती भांडारात नव्हती, भाषेच्या वाटेनंच आणावी लागणार होती. मी चार दिवस विचार केला. शेवटी वहीत लिहिलं, "पाटी, नवीन, भाषेच्या वाटेनं. कारण: नावं नीट येतात." आणि एंटर दाबलं. जुनी पाटी काढायला गेले तर भांडारानं बजावलं की हिच्यावर लॅबचा पडदा, म्हणजे मामा आकडे भरतात तो प्रोग्रॅम, अवलंबून आहे, ही काढली तर तोही जाईल. म्हणून जुनी राहू दिली. सकाळी आपोआप निघणाऱ्या निकालाच्या कागदाला तेवढा नव्या पाटीचा पत्ता लिहून दिला.

मग पाच लॉटचे कागद काढून तपासले. नावं बघितली, जोडाक्षरं बघितली, वेलांट्या बघितल्या. सगळं सुंदर आलं होतं. मामांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "आता बराबर." मी दोन दिवस खुशीत होते. मी, जी कुलूप तीनदा ओढते, तिनं आकडे एकदाही ताडून बघितले नाहीत. आकडे तर आधीपासून बरोबरच येत होते.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी अकराच्या सुमारास, माझ्या खोलीच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. हातात ओल्या गोणपाटाची गुंडाळी, तिच्यातून पाणी टपकत होतं. सर्व्हरच्या खोलीत पाणी बघून मी ताडकन उठले.

"तुम्हीच का त्या कॉम्प्युटरवाल्या बाई?"

"हो. बसा मावशी, ते तेवढं बाहेर ठेवा."

"बसायला न्हाई आले. धावड्याहून आले मी, रुख्मणबाई. माझं बी कामून नापास केलं ते सांगा."

मी त्यांना समजावलं की मी काही करत नाही. लॅबमध्ये रोपं मोजतात, मशीन फक्त सरासरी काढतं.

"तुमच्या कंपनीचा गावात येणारा फिल्डवाला म्हणला कॉम्प्युटरनं नापास केलं. लॅबवाल्या मामाला इचारलं, त्ये म्हणले म्या न्हाई केलं, माझ्या हिशोबानं पास हाये. मंग राह्यलं कोण?"

त्यांनी गोणपाट माझ्या टेबलावर सोडलं. आत कपाशीची रोपं, पांढरी मुळं, पिवळट पानं. "ह्यो त्याच बियाचा वानोळा हाये. शंभर टाकले व्हते, अठ्ठ्याहत्तर निघाले. दोनदा मोजले. लिवता येत न्हाई मला, मोजता येतं."

घरची चाचणी धरत नाहीत, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण 'माझ्या हिशोबानं पास' हे मामांचं बोलणं डोक्यात घुसलं होतं. मी लॅबचा पडदा उघडला आणि लॉट नंबर घातला. पंच्याहत्तर, पास. निकालाच्या कागदाची प्रत काढली. चौऱ्याहत्तर, नापास. दोन्हीकडे मोजणीचे चार आकडे तेच होते, त्र्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर. सरासरी साडेचौऱ्याहत्तर.

अवजार नेमकं कुठून येतंय हे सांगणारी एक कमांड असते, ती दिली. दोन पाट्या, दोन पत्ते. लॅबचा पडदा जुनीला बोलवत होता, छापील कागद नवीला. मी दोघींना हाताने एकच आकडा दिला, साडेचौऱ्याहत्तर, पूर्ण करून दे. जुनी म्हणाली पंच्याहत्तर. नवी म्हणाली चौऱ्याहत्तर.

नव्या पाटीची चूक नव्हती. ज्या भाषेत ती लिहिलेली होती, त्या भाषेच्या नव्या पिढीत अर्धा आला की जवळचा सम आकडा धरतात. साडेपंच्याहत्तरचे शहात्तर होतात, पण साडेचौऱ्याहत्तरचे चौऱ्याहत्तर. दरवेळी वरच ढकललं तर मोठ्या बेरजा फुगत जातात, म्हणून मोठमोठी माणसं असंच करतात. जुन्या पिढीत अर्धा वर जायचा, आमच्या नियमासारखा. इतकी वर्षं नियम आणि पाटी जुळत होते तो निव्वळ योग होता, आणि मी तो योग मोडला होता. ताज्या मालासोबत हे येतं, असं भांडारानं मला सांगितलं नाही, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं.

नवी पाटी आल्यापासून साडेचौऱ्याहत्तरचे लॉट किती, ते शोधलं. दोन निघाले. एक धावड्याच्या रुख्मणबाईंचा. दुसरा अंबडकडच्या एका गावातल्या ज्ञानोबांचा. मग माझं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. गुरुवार होता.

गोदामाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गोदामवाले रफिकभाई फोन चार्जिंगला लावून गोणी मोजायला जातात हे मला ठाऊक होतं, तरी मी सहा वेळा लावला. मग मामांच्या लॅबमधून मोजणीचं रजिस्टर उचललं, "मामा, नेते" एवढंच ओरडले, आणि रुख्मणबाईंना म्हटलं, "चला."

"कुठं?"

"तुमचं बी उतरवायला."

स्टेशनसमोर रिक्षा मिळाली. औद्योगिक वसाहतीपर्यंतचा तो रस्ता मी हजारदा गेलेली, पण त्या दिवशी प्रत्येक गतिरोधक मुद्दाम आडवा टाकल्यासारखा वाटला. लोखंडी सळयांचा एक ट्रेलर वळणावर अडकला होता. मी रिक्षावाल्याला म्हणत होते, "भाऊ, जल्दी," आणि तो म्हणत होता, "मॅडम, वरून नेऊ का?" रुख्मणबाई गोणपाट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुम्ही कामून एवढं घाबरून राह्यल्या? बी तर माझं हाये." चूक माझी आहे, हे त्यांना तेव्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गाडी फाटकातच उभी होती. अर्धी भरलेली. रफिकभाई यादीवर खूण करत गोणी सोडत होते.

"रफिकभाई, हा लॉट थांबवा. उतरवा."

त्यांनी नंबर बघितला, खिशातून निकालाचा कागद काढला. "मॅडम, कागदावर नापास हाये. छापील कागदाबिगर एक गोणी इकडची तिकडं करायची न्हाई, हा कायदा कोणी लावला? तुम्हीच ना?"

लावला होता. तोंडी निरोपावर एकदा घोटाळा झाला तेव्हा मीच भांडून तो नियम करून घेतला होता. मी रजिस्टर दाखवलं, मामांची सही दाखवली. रफिकभाई मान हलवत राहिले. "मामाची सही सर-आंखों पर. पण कागद मशीनचा लागतो. गाडीवाला थांबणार न्हाई, त्याला दुसरी खेप हाये." हमालानं पुढची गोणी पाठीवर घेतली. ती रुख्मणबाईंच्या लॉटची होती.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. त्या लॉटच्या थप्पीवर मी सरळ जाऊन बसले. पन्नाशीची बाई, चष्मा, पर्स, मांडीवर रजिस्टर. रुख्मणबाई माझ्याकडे बघून शेजारी येऊन बसल्या. हमाल हसायला लागले. तिथूनच मी ललितभाऊंना फोन लावला.

"ललितभाऊ, गिरणीची गाडी थांबवा. एक लॉट पास असून नापास छापला गेलाय."

"मॅडम, रिपोर्ट तर तुमच्याच मशीनचा ना?"

"हो. माझ्या मशीनचा आहे, मीच बदललेल्या अवजाराचा आहे आणि चुकीचा आहे."

ते बोलेपर्यंत मी नोकरी गेलेली, नाव गेलेलं, घरी बसलेली असं सगळं बघून घेतलं. शेजारी रुख्मणबाईही ऐकत होत्या. मग ललितभाऊ म्हणाले, "फोन रफिकभाईंना द्या."

गोणी उतरल्या. रुख्मणबाई एकेक मोजत होत्या. सगळ्या उतरल्यावर मी रफिकभाईंना दुसरा नंबर दिला, ज्ञानोबांचा. त्यांनी यादीची मागची पानं चाळली आणि बोट एका ओळीवर ठेवलं. "ह्यो तर मागच्या गुरुवारीच गेला मॅडम."

परत येताना रुख्मणबाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही केलं व्हय हे?" मी हो म्हटलं. त्यांनी गोणपाटातलं पाणी रिक्षाबाहेर पिळलं.

त्या दुपारी निकालाचा कागद पुन्हा जुन्या पाटीकडे गेला आणि नावांच्या जागी परत प्रश्नचिन्हं आली. नवी पाटी पुढे मी तिच्यासाठी मशीनवर एक वेगळी बंद खोली करून त्यात ठेवली, अर्धा वर ढकलायचा नियम स्वतः लिहून दिला, आणि दोन महिने दोघींचे आकडे रोज समोरासमोर ठेवून ताडल्यावरच तिला बाहेर काढलं. हल्लीच्या मशीनवर कोणी भाषेच्या वाटेनं काही ओतायला गेलं तर बरीचशी मशीनं स्वतःच अडवतात, आधी वेगळी खोली कर म्हणतात. तो नकार वाचला की मला बरं वाटतं. आमच्या वेळी मशीन इतकं सावध नव्हतं आणि मी तर सावध असूनही फसले.

ललितभाऊ रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "आमच्या दादाजींच्या चिठ्ठ्यांवर साडेचौऱ्याहत्तरचा आकडा लिहिलेला असायचा. दुसऱ्याची चिठ्ठी उघडली तर पाप लागतं, त्याची ती खूण. तो आकडा भारीच असतो मॅडम." ज्ञानोबांचा लॉट कंपनीनं पास धरला, प्लॉटही परत द्यायचं ठरलं. "फिल्डवाला जाऊन सांगेल, तुम्ही काळजी करू नका," असं ते म्हणाले. मला काळजी करू नका म्हणणं सोपं आहे.

मामांनी एक गोष्ट केली. लॅबमध्ये प्रत्येक लॉटची एक चिमूट राखून ठेवतात, पुढे वाद झाला तर असावी म्हणून. ज्ञानोबांच्या लॉटची ती पुडी काढून त्यांनी पुन्हा चारशे बिया लावल्या. बारा दिवस मी रोज लॅबमध्ये डोकावत होते. मामा म्हणायचे, "मॅडम, पाहून जल्दी उगत न्हाई ते." उगवण कमी आली तर माझं ओझं हलकं होईल असं मनात यायचं आणि त्या विचाराचीच भीती वाटायची. बाराव्या दिवशी मामांनी मोजलं. शहात्तर.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी अंबडच्या एसटीनं गेलो, पुढे जीपनं. ज्ञानोबा साठीच्या पुढचे, धोतर, टोपी, अंगणात दोर वळत बसलेले. फिल्डवाला येऊन गेला होता, पण 'तुमचं जमलं, प्लॉट मिळून राह्यला' एवढंच सांगून. कसं आणि का, ते मी सांगितलं. अर्धा वर जातो, अर्धा खाली जातो, हे सांगताना माझाच आवाज मला पोकळ वाटत होता. शेवटी विचारलं, "काका, तुमचा लॉट नापास आला तेव्हा तुम्ही आलात का नाही? एकदा विचारलं असतं तर बी वाचलं असतं."

ते आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला निकालाचा कागद घेऊन आले.

"बारा वर्षं झाली तुमच्या कंपनीचं बी करून राह्यलो. दर साली कागद यायचा, माझ्या नावाच्या जागी नुसत्या वाकड्या खुणा. अवंदा पहिल्यांदाच माझं नाव आल्तं. बापाच्या नावासकट, गावासकट, बिलकुल बराबर. म्हणलं, जे मशीन एवढं बराबर लिवतं त्ये आकडा कसा चुकंल?" त्यांनी कागदाची घडी नीट केली. "मंग म्या सुनेलाच बोललो. ओला कापूस वेचला म्हणलं. लई बोललो. तव्हापासून ती बोलत न्हाई माझ्यासंगं."

मामा जमिनीकडे बघत होते. सून आमच्यासाठी पाणी घेऊन दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलेलं असणार. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "ताई, तुमची वेचणी कोरडीच होती. बी चांगलं होतं. चूक माझी होती."

तिनं तांब्या खाली ठेवला. सासऱ्यांकडे बघितलं नाही.

"मॅडम, तोंडानं सांगितलेलं गावात कोणी धरत न्हाई. नापास कागदावर आल्तं, पासबी कागदावर द्या. न् त्याच्यात माझं नाव टाका. सत्यभामा."

मी पर्समधून वही काढली आणि एक पान फाडलं. आधी आकडा लिहिला, अंकी आणि अक्षरी. मग वेचणी कोरडी होती ते लिहिलं, चूक कोणाची ते लिहिलं, तिचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. द्यायच्या आधी तीनदा वाचून बघितलं. नाव एकदा, आकडा दोनदा.